पिचिंग आणि बावन्नच्या मदली मोकळी जागा

आवं, काल तुमच्या काठ्या मी निपाणीला न्हेल्या. पारिसाच्या दुकानात. व्हय, त्योच पारिसा, ज्येचं नाव काढलं की तुमी भरल्या ताटावरनं उठत हुतासा. आता उठा बगू.

उठत न्हाईसा. मग गप ऐका. उभ्या जन्मात मला "तू गप ऱ्हा गं" म्हणताना तुमचं तोंड कवा दुखलं न्हाय. आता माझी पाळी.

तुमी गेल्यापास्नं दारात माणसांची रीघ लागलीया. कॅम्पातल्या गोल्फच्या मैदानावरनं साहेब लोकबी आले. मोटारी आपल्या कंग्राळीच्या बोळात मावंनात. एक साहेब म्हणतोय, "आजी, यल्लाप्पांच्या हातात जादू होती. माझी काठी त्यांनी वाकवून दिली आणि माझा खेळच बदलला." दुसरा म्हणतोय, "देवमाणूस." मी तोंडाला पदर लावून बसलो हुतो. त्यास्नी वाटलं म्हातारी रडत्याय. मला राग आलता. ह्या देवमाणसानं पोटच्या लेकीची काठी का वाकवली न्हाय, हे त्या साहेबास्नी कोण सांगणार? तुमची बायको? बायकोनं गप बसायचं असतंय.

तुमचं काम काय, ते लगीन झाल्यावर लई दिवस मला कळालंच न्हवतं. आमी जांबोटीकडली. आमच्याकडं काठी म्हंजे ढोरं वळायची. तुमी साहेबांची पिशवी खांद्यावर घेऊन मैदानभर हिंडायचासा, आणि पुढं घरामागच्या शेडात वाइस बसवून त्यांच्या काठ्या वाकवाय लागलासा. लोखंडी वाइसमदे काठीची मान आवळायची आणि दांडा घालून रेटायचं. मी म्हटलं, ह्या माणसाला येड लागलंय, चांगली वस्तू वाकडी करतोय.

तवा एका सांजला चुलीपुढं बसून तुमीच मला समजावलंसा. ताटातली भाकरी उचलून उभी धरलीसा. "हे बग, पातं असं उभं असलं की चेंडू खालनं लांब जातोय. असं निजवलं की वर उडून जवळ पडतोय. ह्या निजण्याला लॉफ्ट म्हणत्यात. आणि जवळ मारायच्या ज्या काठ्या असत्यात, त्या वेज. दर वेजनं चेंडू येगळ्या ठिकाणी पडाय पायजे. दोन काठ्यांच्या मदे लई जागा मोकळी ऱ्हायली, आणि माणूस नेमका तेवढ्यावर अडकला, तर मेला. त्येच्याकडं काठीच न्हाय."

मी म्हटलं, "मग जोर कमी लावायचा की."

तुमी हासलासा. "जोर कमी-जास्त हुणं देवाच्या हातात. काठी वाकवणं आपल्या."

आणि ती उभी धरलेली भाकरी मोडून अर्धी मला दिलीसा. तुमी मला बसवून शिकवलेलं तेवढंच. मी ते इसरलो न्हाय. हेच तुमास्नी पुढं नडलं.

भात कापून झालं, शेत मोकळं झालं, की तुमचं सुरू. तुमी बांधावर, मी पार त्या टोकाला, डोक्यावर पाटी उपडी घालून. टाळक्यात चेंडू बसू ने म्हणून. तुमी मारायचं, मी चेंडू पडला तितं जोंधळ्याचं धाट रोवायचं. उजाडायच्या आदी दुधाची कळशी घेऊन बेळगावात जायाचं, माघारी येऊन ढोरं, भाकरी, धुणं, आणि मग हे. पायात भाताची धसकटं घुसायची. बाया बांधावरनं जाताना हासायच्या. "काय गं, न्हवरा धोंडं मारतोय व्हय तुला?" मी म्हणायचो, "लागला की सांगतो."

कामाला मी कवा भ्यालो न्हाय. ढोरं मेली, पीक कुजलं, तुमच्या भावांनी वाटणीत दगडाचं शेत आपल्या गळ्यात घातलं. मी पदर खोचला आणि दगड येचले. तुमास्नी ह्यातलं कायबी ठावं न्हवतं. साहेबाचा चेंडू चार पावलं कमी पडला तर तुमच्या घशाखाली घास उतरायचा न्हाय. घरात तेल संपलंय, हे तुमास्नी फोडणीचा वास न्हाय आला तरी कळायचं न्हाय.

ऱ्हाऊंदे. ते सगळं मी गिळलं. लेकीचं, शालनचं गिळलं न्हाय.

शालन तुमच्याच मागनं त्या मैदानावर हिंडून खेळायला शिकली. न्हवऱ्यानं सोडलं, माघारी आली, आणि तितंच साहेबांच्या पोरास्नी शिकवाय लागली. तिच्या जिवावर घर चाललं. तुमच्या वाइसवर न्हाय. आणि मैदानावाल्यांनी नवा नेम काढला. जी बाई, ज्यो गडी खेळाची परीक्षा पास हुईल, त्येनंच शिकवायचं. न्हाईतर नारळ. ह्या वयात शालननं कुठं जायाचं? कुणाची भांडी घासायची?

गेल्या सुगीला तुमी तुमच्या चारी वेज तिला दिलासा. पिचिंग सगळ्यात उभी, मग बावन्न, छप्पन आणि साठ; आकडा जेवढा मोठा, तेवढं पातं निजलेलं. मोठं मन केलंसा, न्हाय म्हणत न्हाय. जन्मभर जपलेल्या काठ्या, तुमीच वाकवून तुमच्या मापानं बसवलेल्या. शालन बांधावर उभी ऱ्हायली, मी टोकाला. तुमचे दोगं-तिगं पिशव्या उचलणारे कॅडी दोस्त च्या पीत बसलेले.

पोरीनं मारलं. परत परत मारलं. माझी धाटं रोवून झाली आणि मी बगतच ऱ्हायलो. बावन्न, छप्पन आणि साठची तिन्ही धाटं एका सुपात मावतील अशी जवळ जवळ. आणि पिचिंग न् बावन्नच्या मदे म्हशी बसवा, एवढी जागा मोकळी.

मी तितनंच वरडलो, "आवं, हिच्या तीन काठ्या एकच काम करत्यात! बावन्न थोडी उभी करा. मदे भोक पडलंय."

तुमचे दोस्त हासले. एक म्हणाला, "यल्लाप्पा, वैनीला दुकानात बसव की." तुमच्या तोंडाचा रंग बदलला. शालनच्या हातनं काठी हिसकून घेतलीसा आणि स्वता मारलंसा. चार काठ्या, चार ठिकाणी, जिन्याच्या पायऱ्यांवाणी. "बग," म्हटलंसा, "माप बरोबर हाय. हिनं जोर लावाय पायजे."

"परीक्षा तुमची हाय का तिची?"

"पाटीवालीनं गुमान चेंडू येचावं."

पाटीवाली. जिनं तुमच्या साहेबांचे चेंडू उन्हात येचले, ती पाटीवाली. मी पाटी तितंच ठेवली आणि घरला आलो. त्यानंतर चेंडूसाठी शेतात पाय ठेवला न्हाय. आणि तुमीबी हाक मारली न्हाईसा.

शालन मदे पडली. भाकरी वाढताना म्हणाली, "आप्पा, पारिसाकाकास्नी दाखवू या का?" तुमी ताट सरकवलंसा. पारिसा आणि तुमी एका वयाचे, एकाच मैदानावर पिशव्या उचललेल्या. त्यो तुमच्या शेडातच वाकवायला शिकला. पण त्येनं कवातरी चारचौघांत म्हटलं, "यल्लू, गिऱ्हाइकाला मारू दे रं, तू स्वता मारून माप घेऊ नगंस." झालं. त्येचं नाव घरात बंद. त्यो निपाणीला जाऊन ग्रील-दरवाजं कराय लागला. तुमास्नी खरं बोलणारं माणूस कवा चाललंच न्हाय. साहेब लोक तुमच्यावाणीच दणकट, त्यास्नी तुमचं माप लागू पडायचं. म्हणून जादू. शालनचा हात हळू. हळू हाताला काठ्यांच्या निजण्यात अंतर मोठं लागतंय. ज्येचा हात त्येचं माप, एवढंच त्यो सांगत हुता.

आणि मग तुमी गेलासा. भांडण तसंच टाकून.

दहाव्याला कावळा शिवंना. सगळे उन्हात उभे. तुमचा भाऊ म्हणाला, "आण्णा, शेताची काळजी करू नगंस." कावळा झाडावर. मग म्हणाला, "वैनीला आमी बगतो." तवा तर कावळा उडून आणि लांब जाऊन बसला. त्यालाबी ठावं, कोण बगतंय ते. शेवटाला शालन पुढं झाली, हात जोडले. "आप्पा, तुमच्या काठ्या तुमी बसवल्यात तशाच ठेवीन. कुणाचा हात लागू देणार न्हाय."

कावळा आला आणि भाताला चोच मारली.

"जीव काठ्यांत अडकलाता," म्हणून सगळ्यांनी डोळं पुसलं. माझ्या मनात आलं, मेल्यावरबी काठ्याच. मी न्हवं, पोर न्हवं. काठ्या.

त्या दिवसापास्नं चारी वेज तुमच्या फोटोपुढं. पात्यांस्नी हळदी-कुंकू. शालन सकाळी नमस्कार करून त्याच घेऊन सराव कराय जात्याय, आणि सांजला पुसून परत ठेवत्याय. मी एकदा मागनं जाऊन बगितलं. चेंडू नेमका त्या मोकळ्या जागंच्या अंतरावर आला आणि पोरगी नुसती उभी. पिचिंग काढली, ठेवली. बावन्न काढली, ठेवली. मग पिचिंगनं हळू मारलं आणि चेंडू तिरका गेला मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यात. तिनं कुणाकडं बगितलं न्हाय. पदरानं घाम पुसला, बस्स.

परीक्षा पुढच्या आठवड्यात. परवा मी तिला म्हटलं, "शालन, त्या काठ्या नीट करून घे."

"आई, मी शब्द दिलाय."

"कावळ्याला दिलाईस."

"आप्पास्नी."

"कावळा भुकेला हुता गं. भातावर तूप हुतं."

"असं बोलू नगं."

"का न्हाय बोलू? पास न्हाय झालीस तर आप्पा येणार हाईत काय पोरं शिकवाय?"

ती उठून परड्यात गेली. रडली असंल. मला तिचं रडणं कळतंय. तिला बाप पायजे, आणि बापाचं उरलंय काय, तर पात्याचं निजणं. तेवढं वाकवलं तर बाप गेला. मला बी ठावं हाय हे. मी दगड न्हाय.

शालन झाली तवा मी माहेरात हुतो, जांबोटीत. पाऊस असा, की बस बंद. बारशाला तुमी अर्धी वाट टेम्पोतनं, अर्धी चालत आलासा, साहेबाची ती भली मोठी रंगीत छत्री घेऊन. छत्री मिटलेली आणि तुमी चिंब. आई म्हणाली, "जावयबापू, छत्री उघडायची न्हाय व्हय?" तुमी म्हटलंसा, "लेकीला ह्या छत्रीतनं न्ह्यायचं हाय. आदी कशाला भिजवू?" घरातल्या बाया हासून हासून मेल्या. मी आतनं ऐकलं. त्या दिवशी मला तुमी आवडलासा. लई आवडलासा. ज्या लेकीसाठी छत्री भिजवली न्हाईसा, त्या लेकीसाठी एक काठी तेवढी वाकवता आली न्हाय?

काल सकाळी मी फोटोपुढनं काठ्या उचलल्या आणि पोत्यात घातल्या. शालन म्हणाली, "आई!"

मी म्हटलं, "शब्द तू दिलाईस. मी दिला न्हाय. मी न्हेतो. तू घरात बस."

स्टँडवर बसमदे चढलो तर ती मागनं आली. शेजारी बसली, पोतं माझ्या मांडीवरनं स्वताच्या मांडीवर घेतलं, आणि निपाणी येईस्तोवर सोडलं न्हाय.

पारिसानं आमास्नी बगून वेल्डिंगचा चष्मा वर केला. म्हातारा झालाय, तुमच्यापरीस जास्त. "या वैनी. शालू, बस गं." मग पोत्याकडं बगून म्हणाला, "यल्लूच्या?" मी मान हालवली. त्येनं हात धुतले, अंगरख्याला पुसले, मगच काठीला हात लावला. तुमी त्येला शिव्या दिलासा तेवढ्या कुणाला दिल्या नसतील, आणि त्यो हात धुवून काठी धरतोय. बगा जरा.

"आदी शालूला मारू दे," म्हणाला. दुकानामागं तंबाखूचं शेत, पीक निघून गेलेलं, जमीन उघडी. मी टोकाला गेलो. कुणी सांगाय लागलं न्हाय. पोरीनं मारलं, आणि पडलं तसंच, तीन एका जागी आणि मदे म्हशी बसवायची जागा. पारिसा चालत माझ्यापत्तूर आला, बगितलं, आणि मला विचारलं, "वैनी, तुमास्नी काय वाटतंय?"

आवं, मला विचारलं. तुमच्या दुश्मनानं.

मी म्हटलं, "बावन्न उभी करा. छप्पन जराशी. साठची हिला नगंच."

"व्हय की. साठची फोटोपुढंच ऱ्हाऊंदे. पण बावन्न उभी केली की पात्याच्या बुडाचा फुगवटा कमी हुईल. ओल्या मातीत खणंल थोडी. शालू, चेंडूच्या मागनं न्हाय, वरनं पातं आण."

दुकानात येऊन त्येनं बावन्न उजेडात धरली. मानेवर बोट फिरवलं. परत फिरवलं. चष्मा पुसला. "इल्ल," म्हणाला कानडीत, "असं न्हाय हुणार."

"काय झालं?"

"वैनी, ही मान एकदा उभी केल्याय. आणि परत निजवल्याय. हे बगा, दोन्ही अंगाला वरचा मुलामा तडकलाय, आणि तडा अजून ताजा हाय. आता तिसऱ्यांदा रेटली तर मोडंलबी."

"दुसऱ्या कुणाचा हात लागला न्हाय काका हिला," शालन म्हणाली. "आप्पांचाच."

  मी लोखंडाच्या ढिगावर बसलो.

म्हंजे ऐकलं हुतंसा. त्या टोकावरनं मी वरडलेलं. चारचौघांत हाकलून लावलंसा, आणि मग शेडात एकट्यानं जाऊन मी सांगितलं तसंच केलंसा. मी सांगितलं तसंच. आणि परत फिरवलंसा. का? दोस्त काय म्हणतील म्हणून? का मारून बगितलं आणि पटलं न्हाय? का टोकाला खूण रोवणारं माणूस न्हवतं, म्हणून चेंडू कुठं पडला तेच कळालं न्हाय? तसं असंल तर ते माझ्या माथी मारू नगा. शेडापास्नं चूल केवढी लांब हाय? "ये गं जरा" म्हटलं असतंसा तर हातातलं पीठ तसंच घेऊन आलो असतो. पाटी बी घातली असती डोक्यावर.

ह्येचं उत्तर न देता गेलासा. ह्येचा मला सगळ्यात जास्त राग हाय. पाटीवाली म्हटल्याचा न्हाय.

शालन काठीकडं बगत उभी हुती. मग पारिसाला म्हणाली, "काका, मी आप्पांचा हात तसाच ठेवतो म्हणून शब्द दिलाय. ह्यातला कुठला हात आप्पांचा? उभा का निजलेला?"

पारिसा म्हणाला, "दोन्ही बी त्येचेच, बाळ."

"मग उभी करा."

"मोडली तर?"

"मोडली तर मोडली."

 तिचं तिनं बोलायचं हुतं.

त्येनं मान वाइसमदे आवळली, फडकं गुंडाळलं, दांडा घातला. घाई न्हाय केली. थोडं रेटायचा, थांबायचा, कान लावायचा, मग माप बगायचा. शालननं माझा हात धरला हुता, लहान असताना दवाखान्यात धरायची तसा. लोखंड एकदा करकरलं.  आता तुमचं काय सुद्धा ऱ्हात न्हाय असं वाटलं. मला रडू आलं, आलं तर आलं, तुमच्यासाठीच आलं. पारिसानं दांडा काढला आणि मान बोटानं चाचपली. मोडली न्हवती.

"जा," म्हणाला. "मार."

शालन बांधावर. मी परत टोकाला. ह्या बारीला मी पिचिंग पडती तितं थांबलो न्हाय, बावन्न आदी पडत हुती तितंबी न्हाय. मदल्या त्या मोकळ्या जागंत थांबलो. पारिसा वरडला, "वैनी, बाजूला व्हा, लागंल!" मी हाललो न्हाय.

पोरीनं बावन्न घेऊन पुरा हात फिरवला. चेंडू वर गेला, उन्हात दिसंना झाला, आणि माझ्या पुढ्यात धप्पदिशी मातीत बसला. परत मारलं. त्येच्याच शेजारी. तिसरा जरा डावीकडं, पण अंतर तेच. शालननं काठी खाली टेकली आणि माझ्याकडं बगितलं. मी हात वर केला.

पास हुईल का न्हाय, मला ठावं न्हाय. तुमी असतासा तर म्हटलं असतंसा, चेंडू वाऱ्यानं तितं पडले.

वारं न्हवतं.